दोन तोंडांचं इंजिन

सासूबाईंनी मामाजींना जाळीचं कपाट आणायला पाठवलं आणि मामाजी रेल्वेचं इंजिन घेऊन आले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीतले एक बंगाली साहेब बदलून कलकत्त्याला निघाले होते. त्यांच्या बंगल्यातलं जादा सामान विकायला काढलंय आणि त्यात दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट आहे, ही बातमी सासूबाईंच्या कानावर आली. आमच्या बालाघाटच्या घरी एका बोक्यानं उच्छाद मांडला होता. सकाळी मामाजी सायकल काढून गेले. दुपारी आले तेव्हा कॅरिअरवर सुतळीनं बांधलेलं लांबट पत्र्याचं खोकं होतं.

"कपाट?" सासूबाईंनी विचारलं.

"थे गेलं. माह्या आधीच कोणी उचललं," मामाजी म्हणाले. "हे राह्यलं होतं."

खोक्यात जुन्या बंगाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं डिझेल इंजिन होतं. दीड वीत लांब, लाल रंगाचं, मधून पिवळा पट्टा. सोबत वाकड्या रुळांचे वीस-बावीस तुकडे. साहेबांचा मुलगा मोठा होऊन शिकायला गेला होता आणि त्याचं विलायती खेळणं कोणालाच नको होतं. सासूबाईंनी ते सगळं बघितलं, एकदा मामाजींकडे बघितलं आणि दुधाचं पातेलं शिंक्यावर चढवायला निघून गेल्या.

मामाजींनी तीस वर्षं छोट्या लाईनीवर वाफेचं इंजिन चालवलं होतं. गोंदियापासून नैनपूरपर्यंत कुठे चढ आहे, कुठे गाय आडवी येते, सगळं त्यांना पाठ. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, पण हाताचा तळवा अजून फावड्याच्या दांड्याएवढा कडक. डिझेल इंजिन त्यांनी गोंदियाला मोठ्या लाईनीवर लांबूनच पाहिलं होतं, आणि त्याला ते इंजिन म्हणतच नसत. डबा म्हणत. ना धूर, ना वाफ, ना शिट्टीला गळा.

"मंग आणलं काहून?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"खोलून पाहतो, आत काय आहे म्हणून."

माझ्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. मी नागपूरची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. नवरा जंगल खात्यात बैहरला; शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचा, सोमवारी पहिल्या बसनं जायचा. बाकी दिवस घरात आम्ही तिघंच, आणि त्यातही मामाजी माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. त्यांना चहा हवा असला की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा झाला असन तर पाहा." मग मी डोक्यावरचा पदर सारखा करून चहा ठेवून यायची. आठ महिन्यांत ते माझ्यापेक्षा त्या भिंतीशीच जास्त बोलले असतील.

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीत मामाजींनी फरशीवर रुळांचा गोल मांडला होता. वीज पुरवायचा मूळचा डबा साहेबांकडे जळून गेलेला, म्हणून तो मिळालाच नव्हता. मामाजींनी सरळ हिशेब केला: गाडीला करंट लागतो, करंट घरात आहे. त्यांनी वायरीच्या एका टोकाच्या दोन तारा सोलून रुळांना गुंडाळल्या होत्या, दुसऱ्या टोकाला प्लग होता, आणि ते एका हातानं इंजिन रुळावर सारखं करत दुसऱ्या हातानं प्लग भिंतीत खुपसायच्या बेतात होते.

"मामाजी, नका! हात काढा!"

मी ओरडले. कणकेच्या हातांनीच धावले आणि मेन स्विच खाली ओढला. पदर खांद्यावर. सासूबाई सूप हातात घेऊन दारात उभ्या. मला वाटलं, आता बैहरला निरोप जाणार.

"काहून?" मामाजींनी विचारलं. भिंतीला नाही, मला.

"घरातली वीज दोनशे तीस व्होल्टची आहे. याला बारा पुरतात. हे जळलं असतं," मी म्हटलं. आणि मग धीर करून, "तुमचा हात रुळावर होता."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे मी बी गेलो असतो?"

"हौ."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि मामाजींना असं काही सुनावलं की ते इथं लिहिण्यासारखं नाही. मामाजींनी ते ऐकून घेतलं. ऐकता ऐकताच माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग बारा व्होल्ट आणाव कुठून?"

बारा व्होल्ट म्हणजे टॉर्चचे आठ सेल, एकामागे एक. मामाजींनी अंगणातला बांबू अर्धा चिरून त्याची पन्हाळ केली. तिच्यात आठ सेल ओळीनं बसवले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या दिल्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून ते आवळले. काम असं नेटकं, की आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी केलं नसतं. दोन तारा रुळांना लावल्या आणि इंजिन गुरगुरत निघालं. तारा अदलून लावल्या की उलटं यायचं. सासूबाईही चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. चार-पाच फेऱ्या झाल्यावर मामाजी पालथे पडले आणि गाल फरशीला टेकवून बघू लागले.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले.

इंजिनाच्या दोन्ही टोकांना छोटे दिवे होते. एक बंदच होता. दुसरा इंजिन कुठल्याही दिशेनं जावो, लागलेलाच. म्हणजे एका दिशेनं जाताना तो पुढे असायचा आणि दुसऱ्या दिशेनं जाताना मागे.

"पुढे अंधार अन् मागे उजेड! असं इंजिन रस्त्यानं काढलं तर कोणाले समजन, थे येऊन राह्यलं का जाऊन राह्यलं? माणूस फाटकात उभा राहून मरन." ते उठून बसले. "खोटं बोलून राह्यलं हे."

मला हसू आलं, पण ते गंमत करत नव्हते. पुढचे दोन दिवस त्यांनी इंजिन चालवलंच नाही. खोकं कोनाड्यात ठेवलं आणि येताजाता त्याच्याकडे असं बघायचे जसं काही घरात एखादा लबाड पाहुणा उतरलाय. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला सोडून मलाच म्हणाले, "सूनबाई, पाहतं का आत काय झालं त्याले?"

खाली चार स्क्रू होते. लाल टप निघाला. आत एका बाजूला मोटर, दोन्ही टोकांना बल्ब, आणि तारांचा असा गुंता, की पूर्वी कोणीतरी हात घातला होता हे उघड होतं. बंद दिव्याचा बल्ब शाबूत होता, तार मात्र तुटलेली. लागणाऱ्या दिव्याची तार सरळ मोटरच्या टोकाला पिळून वर औषधाची चिकटपट्टी मारली होती. आणि तारांच्या वाटेत, नखाएवढी एक जळकी चकती लोंबत होती. तिचा जोडीदार गायब.

ती चकती बघितल्यावर मला कोडं सुटलं. "याच्यातून वीज एकाच बाजूनं जाते," मी म्हटलं. "एका दिव्याला एका अंगानं लावायची, दुसऱ्याला दुसऱ्या अंगानं. मग इंजिन पुढे निघालं की पुढचाच दिवा लागतो आणि उलटं निघालं की मागचाच."

मामाजींनी चकती तळहातावर घेतली. मी मनात सोपं उदाहरण शोधत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "बॉयलरले असते तशी क्लॅकची झडप. पाणी आत जाते, पण वाफेचा जोर किती बी असो, उलटं येत नाही."

"तेच! ही विजेची क्लॅक."

"मंग असं सांग ना," ते खूश होऊन म्हणाले, जसं काही मीच उगाच वेळ घालवत होते.

आता तसल्या चकत्या बालाघाटात मिळणार नव्हत्या. पण त्या वेळी रेडिओत डायोड येऊ लागले होते आणि तेच काम ते करतात हे मला माहीत होतं. मामाजी म्हणाले, बसस्टँडजवळच्या रेडिओवाल्याकडे जाऊ. 'जाऊ' म्हणाले. मी पदर घेऊन त्यांच्या मागे चार पावलं ठेवून निघाले. सासरा पुढे, सून मागे, बाजाराच्या दिशेनं. गल्लीतल्या बायकांनी आपापली दारं अडवून पाहिलं. एकीनं तर सासूबाईंना येऊन विचारलं, "तब्येत ठीक है ना बहू की?"

रेडिओवाल्याच्या दुकानात उघड्या पोटाचे रेडिओ मांडलेले असत. त्यानं मामाजींना खुर्ची दिली. "बोलिए बाबूजी, रेडिओ बिगड़ गया क्या?"

"डायोड चाहिए. दो."

"डायोड?" तो हसला. "डायोड का क्या करोगे आप?"

मामाजींनी मान वळवली. मी दुकानाच्या पायरीखाली उभी होते. "मेरी बहू बताएगी," ते म्हणाले.

मी पायरी चढले. त्याच्याच बिलाच्या कागदामागे मोटर, दोन बल्ब आणि दोन डायोड काढून दाखवले. तो आधी कागदाकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. "बहनजी, रेडिओ के छोटेवाले इतना करंट नहीं झेलेंगे," तो आता गंभीर होऊन म्हणाला, "पॉवर सप्लायवाले ले जाओ." त्याचं बरोबर होतं, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यानं पेन्सिलीच्या शिशाएवढे जाड, एका टोकाला पट्टी असलेले दोन डायोड दिले, थोडं कथील दिलं, आणि राळेचा खडा फुकट दिला. परतताना मामाजी हळू चालत होते. मला वाटलं दमले. मग कळलं, ते मी बरोबरीनं येण्याची वाट बघत होते.

कथलाचा जोड द्यायची मामाजींकडची सळई विजेची नव्हती, तांब्याच्या डोक्याची, निखाऱ्यावर तापवायची होती. इथं मामाजींचं राज्य सुरू झालं. त्यांनी शेगडी पेटवली, कोळसे असे रचले की सगळी धग एका जागी यावी, आणि सळईचं तोंड त्यात सारून स्वस्थ बसले. "आता नाही... आता नाही... हां, घे." मी घ्यायची, आणि कथील लोण्यासारखं पसरायचं. मी स्वतः तापवली की कधी गोळी होऊन घसरायचं, कधी काळं पडायचं. आगीचा रंग बघून काम सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

एकदा मात्र आमचं भांडण झालं. मी विचारलं, "याचं तोंड कोणतं?"

डिझेलची दोन्ही टोकं सारखीच. दोन्हीकडे काच, दोन्हीकडे दिवा. मामाजींचं म्हणणं, ज्या टोकाला आकडा ठळक छापलाय ते तोंड. माझं म्हणणं, मोटर ज्या बाजूला आहे ती पाठ. मी आवाज चढवून सासऱ्यांशी वाद घालतेय हे मला वाद संपल्यावर कळलं. सासूबाई चौरंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्याले दोन तोंडं आहेत त्याले काहून विचारता एक तोंड कोणतं? जिकडे जाईन थे तोंड."

सासूबाईंनी निकालच लावला होता. मी डायोड जोडले, टप बसवला. दिवसाउजेडी दिवा नीट दिसत नव्हता, म्हणून भर दुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि खिडकीच्या फटीवर तरट टांगलं. उन्हाळ्याचे दिवस, तिघंही घामानं निथळत होतो. मामाजींनी तारा लावल्या.

इंजिन निघालं. दोन दिव्यांपैकी एकच लागला, स्वच्छ, स्थिर. मागचा.

तारा अदलल्या. इंजिन उलटं निघालं. पुन्हा मागचाच.

"आता तर पक्कं खोटं बोलून राह्यलं," सासूबाई म्हणाल्या.

माझं तोंड उतरलं. डायोडच्या पट्ट्या मी उलट्या धरल्या होत्या. टप काढायचा, चारही जोड सोडवायचे, अडचणीच्या जागेत पुन्हा तापती सळई घालायची. एखादा डायोड गरम होऊन गेला तर पुन्हा बाजार. मी हे सगळं सांगू लागले. मामाजी ऐकत नव्हते. ते इंजिनाकडे बघत बसले होते, गुडघ्यावर हनुवटी.

"दिवे बरोबर आहेत," ते म्हणाले.

"बरोबर कसे, मामाजी? उलटे आहेत."

"दिवे बरोबर आहेत. इंजिन उलटं चाललं. मोटरच्या दोन तारा अदलून टाक. स्क्रूच्याच तर आहेत त्या."

इतकं सोपं होतं. दिव्यांना हात लावायचीच गरज नव्हती. मोटरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी लावल्या की मोटर उलटी फिरणार आणि तेच दिवे खरं बोलू लागणार. बी.एस्सी. मी होते. पण इंजिन आणि दिवा यांच्यात चूक कोणाची, हे त्यांना कळलं.

पाच मिनिटांचं काम. पुन्हा दारं लावली. इंजिन अंधारातून आमच्याकडे आलं, पुढे पिवळा उजेड टाकत. रूळ चमकले, सासूबाईंच्या पायाची जोडवी चमकली. तारा अदलल्या. ते थांबलं, तो दिवा विझला, पलीकडचा लागला, आणि ते आल्या वाटेनं परत गेलं. मामाजींनी हे किती वेळा केलं असेल कोण जाणे. पुढे, मागे, पुढे.

"मागे लाल पाह्यजे ना?" सासूबाई म्हणाल्या.

"लाल गार्डच्या डब्याले. तू गाडी जोड, मी लाल लावतो."

मग इंजिन थांबवून मामाजी म्हणाले, "आम्ही जिथं लाईन संपायची तिथं इंजिन फिरवत होतो. लोखंडाचा मोठा पाट. त्यावर इंजिन उभं करायचं अन् मी अन् माह्या फायरमननं खांदा लावून ढकलायचं, गोल. मे महिन्यात पाट असा तापायचा की फडकं बांधल्याशिवाय हात लावता येत नव्हता. त्या फायरमनची पाठ गेली त्यात. कायमची." त्यांनी इंजिन उचलून त्याची दोन्ही तोंडं आळीपाळीनं पाहिली. "याले फिरवाच लागत नाही."

डबा हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

नवरा शनिवारी आला तेव्हा दार आतून बंद. कडी वाजवून वाजवून त्याचा हात दुखला. सासूबाईंनी दार उघडलं तर आत अंधार, शेगडीचा वास, आणि त्याची बायको उघड्या डोक्यानं फरशीवर पालथी पडून सासऱ्याला सांगतेय, "मामाजी, थांबल्यावर दिवा विझणारच. करंटच नाही तर लागेल कसा?" आणि त्याचे वडील म्हणताहेत, "मंग स्टेशनात उभं राह्यलं की अंधारात उभं राहावं का त्यानं? हे नाही चालत. काही तरी कर." ते कोडं मला कधीच सुटलं नाही. वेगळी बॅटरी आत बसवायला जागा नव्हती. नवऱ्यानं पिशवी खाली ठेवली आणि आईला हळूच विचारलं, "कधीपासून चाललं हे?"

"सोमवारपासून," सासूबाई म्हणाल्या. "बस तू बी."

रविवारी जेवताना मामाजींनी विषय काढला. मुलींच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला कोणी टिकत नाही, हे त्यांनी कुठून तरी ऐकून आणलं होतं. लग्नाआधी बोलणी झाली तेव्हा सुनेनं नोकरी करायची नाही असं ठरलं होतं, आणि ठरवणारे तेच होते. ताटाकडे बघत म्हणाले, "इले घरात बसवून काय करतं? पोळ्या तं तुह्या आईच्या बी होतात."

नवरा म्हणाला, "बाबा, तुम्हीच तं नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. आता हौ म्हणतो."

अर्ज हिंदीत लिहायचा होता. माझी हिंदी बोलण्यापुरती. मामाजींची तीस वर्षं स्टेशनांवर घासलेली. संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो. मी लिहिलं, 'सविनय निवेदन है कि प्रार्थिनी ने नागपुर से बी.एस्सी. उत्तीर्ण की है.' वाचून दाखवलं. मामाजींनी मान हलवली.

"अजून लिही."

"अजून काय?"

"लिही की लाईट का काम जानती है."

"मामाजी, अर्जात असं लिहीत नाहीत."

"काहून नाही लिहीत? खरं आहे ना?"

मी लिहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मुलाखतीत नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, शाळेची घंटा विजेची आहे पण दोन महिन्यांपासून वाजत नाही, बघाल का? मी स्टुलावर चढून बघितली. आत मुंग्यांनी घर केलं होतं. साफ केल्यावर ती एवढ्या जोरानं वाजली की तीन वर्ग सुटून बाहेर आले.